एडीएचडी : डॉक्टर काय पाहतात, पालकांनी काय सांगावं

पालकसभेत बाई बाजूला घेऊन हळूच सांगतात, "याला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." घरी आल्यावर आजी फटकारते, "काही दाखवायला नको, त्याचा बापही असाच होता." या दोन वाक्यांच्या कात्रीत कित्येक घरांत दोन-तीन वर्षं निघून जातात. खरं तर डॉक्टरांना ही दोन्ही वाक्यं हवी असतात. बाईंच्या बोलण्यावरून कळतं की मुलाची अडचण घराबाहेरही दिसते आहे. आजीच्या बोलण्यावरून कळतं की ती घराण्यात आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या या विकारात, आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. तेव्हा आजीचं बोलणं मनाला लावून न घेता लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

डॉक्टर या विकाराकडे कसं पाहतात, काय विचारतात, औषध कधी देतात आणि कधी थांबतात, हे आधी ठाऊक असलं तर पालकांची घालमेल पुष्कळ कमी होते. पहिली गोष्ट तपासण्यांची. 'रिपोर्ट' हातात पडल्याशिवाय आपल्याकडे आजारावर विश्वास बसत नाही. एडीएचडीचा असा रिपोर्ट नसतो. रक्ताची तपासणी, एमआरआय, ईईजी यांपैकी कशावरूनही एडीएचडी आहे की नाही हे ठरत नाही. मेंदूचा रंगीत आलेख काढून कुणी त्यावरून निदान सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. ईईजी लागू शकतो तो वेगळ्या कारणासाठी. मूल बोलता बोलता मध्येच काही सेकंद थिजतं, हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नाही आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू करतं, असं होत असेल तर ती फिट असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, जमलं तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

मग निदान होतं कशावरून? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम-५ ही नियमावली २०१३ मध्ये आली. आपल्याकडचे डॉक्टर ती किंवा जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी वापरतात. डीएसएममध्ये ९ लक्षणं लक्ष न टिकण्याची आहेत आणि ९ अतिचंचलतेची, उतावळेपणाची. मुलांमध्ये कुठल्याही एका गटातली किमान ६ लक्षणं लागतात, १७ वर्षं आणि त्यापुढे ५ पुरतात. इंटरनेटवर ही यादी वाचून बोटं मोजणारे पालक इथेच थांबतात. डॉक्टरांचं खरं काम मात्र यादीच्या पुढे सुरू होतं.

लक्षणं किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात, कारण वडिलांची बदली झाली, घरात कुणी गेलं, शाळा बदलली, तरी मूल काही आठवडे सैरभैर होतं. ती १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. २०१३ पूर्वी ही मर्यादा ७ वर्षांची होती, आणि शांत, स्वप्नाळू मुलं तिच्यात सापडत नसत. लक्षणं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ होत असेल तर गोष्ट गणिताची असते, किंवा गणिताच्या सरांची. आणि शेवटची अट म्हणजे त्या लक्षणांमुळे मुलाचं शिकणं, मैत्री, घरातलं जगणं अडलेलं असलं पाहिजे.

या शेवटच्या अटीवरच डॉक्टरांचा कस लागतो. चंचलपणा, विसरभोळेपणा, धांदरटपणा प्रत्येकातच थोडाफार असतो. रक्तदाब जसा सगळ्यांना असतो आणि एका रेषेपलीकडे गेला की आपण त्याला आजार म्हणतो, तसंच हे आहे. फरक एवढाच की ही रेषा कुठल्या यंत्रावर दिसत नाही, डॉक्टरांना ती मुलाच्या आयुष्यात डोकावून ठरवावी लागते. म्हणून दोन चांगल्या डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. त्याचा अर्थ आजार काल्पनिक आहे असा होत नाही. साधारण २० मुलांमागे एकाला एडीएचडी असतो, हा आकडा वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांचा मेळ घालून निघालेला आहे.

घाईचं निदान होतं, हेही खरं आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ९ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यांत लहान. जानेवारीत जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत या डिसेंबरच्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान ३० टक्के अधिक वेळा झालं होतं, मुलींना ७० टक्के अधिक वेळा. वयाने कच्चं असणं आणि विकार असणं यांत गल्लत होत होती. तुमचं मूल वर्गात सगळ्यांत लहान असेल, लवकर शाळेत घातलेलं असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांपुढे पहिल्याच भेटीत ठेवा. लहान मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी झाली पाहिजे, बाकावर शेजारी बसलेल्या अकरा महिन्यांनी मोठ्या मुलाशी नव्हे.

उलट बाजूने मुली निसटतात. दंगा करणाऱ्या मुलाची तक्रार येते. खिडकीबाहेर पाहत शांत बसणाऱ्या मुलीची येत नाही. ती 'आळशी', 'वेंधळी', 'लक्षच नसतं हिचं' एवढ्यावर निभावून जाते आणि दहावीला, कधी कॉलेजात, कोलमडते. आपल्याकडे घाईच्या निदानापेक्षा निदानच न होणं हा मोठा प्रश्न आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यात मुलींचं नुकसान सर्वाधिक होतं.

आता प्रत्यक्ष भेटीबद्दल. दवाखान्यात मूल गुणी बाळासारखं बसतं आणि आईला ओशाळल्यासारखं होतं. अनुभवी डॉक्टर त्याने फसत नाहीत. नवी जागा, समोर एकच मोठं माणूस, सगळं लक्ष आपल्याकडे. अशा वेळी एडीएचडीचं मूलही वीस मिनिटं छान बसू शकतं. "मोबाइलवर तर तीन तास मान वर करत नाही, मग लक्ष लागत नाही कसं म्हणायचं?" हा प्रश्नही प्रत्येक घरात विचारला जातो. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिथे नेता येत नाही आणि कंटाळवाण्या कामावर टिकवता येत नाही. क्षणाक्षणाला काही तरी बक्षीस देणाऱ्या पडद्यावर ते आपसूक चिकटतं. त्यामुळे मोबाइलवरची एकाग्रता निदानाच्या विरोधातला पुरावा ठरत नाही.

मुलाला खोलीत पाहून पुरेसं कळत नाही, म्हणून डॉक्टर प्रश्नावल्या देतात. व्हँडरबिल्ट आणि कॉनर्स ही त्यांतली नेहमीची नावं; भारतीय मुलांसाठी इन्क्लेन या संस्थेने तयार केलेलं एक साधनही आहे. एक प्रश्नावली पालकांनी भरायची, एक शिक्षकांनी. आई-बाबांनी शक्यतो वेगवेगळी भरावी. उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, जुळत का नाहीत यातूनही डॉक्टरांना कळतं. शिक्षकांना फॉर्म देताना "तक्रार म्हणून नको, जे दिसतं ते लिहा" एवढं नम्रपणे सांगा. शाळेत पट मोठा असेल आणि बाईंना मुलाची नीट ओळख नसेल, तर शिकवणीच्या ताईंचं मतही चालतं.

बरोबर काय न्यायचं? जुनी प्रगतिपुस्तकं, बालवाडीपासूनची. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही", "बडबड कमी करावी", "वह्या अपूर्ण" असे शेरे सलग चार इयत्तांत, चार वेगळ्या बाईंच्या अक्षरात दिसले, की डॉक्टरांना लांबलचक कथनाची गरज उरत नाही. आणि एक चालू वही न्या, शक्यतो गणिताची. पान उघडलं की पहिली दोन गणितं सुवाच्य, तिसऱ्यात आकडे चौकटीबाहेर सरकलेले, चौथं अर्धंच, समासात विमान. नीट पाहिलं तर तिसऱ्या गणितातली बेरीज बरोबर असते. चूक झालेली असते फळ्यावरचा आकडा उतरवताना. मुलाला बेरीज येत नाही, ही एक अडचण; बेरीज येते पण आकडा टिपताना निसटतो, ही वेगळी. वही पाहून डॉक्टर हा भेद करू शकतात, गुणपत्रिकेत तो दिसत नाही.

त्यानंतर एडीएचडी नसेल तर नेमकं काय असेल, याचा डॉक्टर शोध घेतात. कानाला कमी ऐकू येणं, चष्म्याची गरज, लोहाची कमतरता, थायरॉइड. झोपेबद्दल ते हमखास विचारतील. रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड वाढल्यामुळे नीट झोपत नसेल तर दिवसा मरगळण्याऐवजी चिडचिडं आणि चळवळं होतं. भीती, घरातली भांडणं, शाळेतला छळ यांतूनही लक्ष उडतं. शिवाय एडीएचडीबरोबर दुसरं काही असणं हे नेहमीचंच आहे, विशेषतः अध्ययन अक्षमता आणि चिंता. स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन निदानं एकत्र करण्याची मुभा डीएसएमने २०१३ पासून दिली आहे. हे सगळं दहा मिनिटांत होत नाही. शिक्षकांचा एक शब्दही न मागवता पहिल्याच भेटीत गोळी लिहून मिळाली, तर दुसरं मत जरूर घ्या.

उपचारांबाबत डॉक्टर आधी वय पाहतात. ६ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं पालकांच्या प्रशिक्षणाला पहिलं स्थान देतात, गोळीला नाही. पुढच्या वयात औषध आणि वर्तनोपचार दोन्ही हातात हात घालून जावेत, असं ती सांगतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१७ मध्ये एडीएचडीच्या निदान-उपचारांवर एकमताचं निवेदन प्रसिद्ध केलं आहे, तेव्हा "हे सगळं परदेशी खूळ आहे" या बोलण्यात तथ्य नाही.

औषधाविषयी बोलायचं तर एमटीए या अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगायलाच हवं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं चार गटांत विभागून १४ महिने पाहिली गेली. एका गटाला काळजीपूर्वक ठरवलेलं औषध, दुसऱ्याला सखोल वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्या गटातल्या मुलांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडचे उपचार. मुख्य लक्षणांवर औषधाचा गट वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला. दोन्ही मिळणाऱ्या मुलांना तुलनेने कमी डोस पुरला. पण मला सगळ्यांत बोलकी वाटते ती चौथ्या गटाची गोष्ट. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होतं, तरी ती मागे राहिली. अभ्यासातल्या औषधाच्या गटाला दरमहा भेट होती, शिक्षकांकडून माहिती घेतली जात होती, डोस त्याप्रमाणे बदलला जात होता. आणि अभ्यास संपून ही देखरेख थांबल्यावर तीन वर्षांच्या टप्प्यापर्यंत गटांमधला फरकही मावळला. आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. एकदा लिहिलेली चिठ्ठी वर्षभर तशीच चालू राहते आणि मग "औषधाने काही फरक पडला नाही" असं म्हटलं जातं.

सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचं काम ते वाढवतं. अर्ध्या-पाऊण तासात परिणाम दिसू लागतो, साधी गोळी ३ ते ४ तास चालते, हळूहळू सुटणारी त्याहून बरीच जास्त. भारतात हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. म्हणजे डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, एक प्रत औषधाच्या दुकानात २ वर्षं जपून ठेवतात, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही. दुकानदाराचा चेहरा पाहून "हे काही तरी भयंकर दिसतंय" असं वाटून परत फिरू नका. गैरवापर होऊ नये म्हणून हे निर्बंध आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या डोसात घेणाऱ्या मुलांना पुढे व्यसन लागण्याचा धोका या उपचाराने वाढतो, असं दीर्घकाळच्या अभ्यासांत आढळलेलं नाही.

भूक मात्र मंदावते. डबा भरलेलाच परत येऊ लागला तर रागावू नका. गोळीआधी पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी भूक परतली की दुसरं चांगलं जेवण, अशी दिवसाची मांडणी बदला. झोप उशिरा लागणं, पोटदुखी, डोकेदुखी, गोळीचा असर उतरताना चिडचिड हेही होऊ शकतं. उंचीच्या वाढीवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून उंची, वजन, नाडी, रक्तदाब यांची नोंद दर काही महिन्यांनी झालीच पाहिजे. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. घराण्यात कुणाचा तरुणपणी हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला असेल, किंवा मूल खेळताना चक्कर येऊन पडलं असेल, तर ते औषध सुरू करण्याआधी सांगायचं. आणि मूल गप्प, निस्तेज, हरवल्यासारखं दिसू लागलं तर "चला, शांत तरी झाला" असं समाधान मानू नका. डोस जास्त झाला असेल किंवा हे औषध त्याचं नसेल. चांगल्या उपचारात मूल आहे तसंच हसरं, खेळकर राहतं. फक्त हातातलं काम पुरं करू लागतं.

मिथाइलफेनिडेट मानवलं नाही तर ॲटोमोक्सेटिन, कधी क्लोनिडीन असे पर्याय आहेत. ॲटोमोक्सेटिनचा गुण दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे पंधरवड्यात निर्णय घ्यायचा नाही. पण या औषधावर असताना मूल उदास झालं, जिवाचं बरं-वाईट करण्याची भाषा बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. अमेरिकेतून मुलांसह पुण्या-मुंबईत परतणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तिथे सर्रास दिली जाणारी अँफेटॅमिन गटातली औषधं इथे दुकानात मिळत नाहीत. निघण्याच्या काही महिने आधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषधाची घडी बसवा.

गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का, याचं उत्तर पहिल्या दिवशी कुणी देऊ शकत नाही. बरेच डॉक्टर वर्षातून एकदा आढावा घेऊन औषध अजून लागतं का हे पाहतात. परीक्षा संपली म्हणून किंवा शेजारीण काही म्हणाली म्हणून आपल्या मनाने थांबवू नका.

घरी काय करायचं, हा भाग औषधाइतकाच मोलाचा आहे. "नीट वाग" ही सूचना नाही, "चपला रॅकमध्ये ठेव" ही सूचना आहे. स्वयंपाकघरातून ओरडून तीन कामं सांगण्याऐवजी जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन एकच सांगा, आणि झालं की लगेच कौतुक करा. रविवारच्या बक्षिसाचं आमिष या मुलांना फार लांबचं वाटतं. गृहपाठ पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून घ्या, मध्ये उठून उड्या मारू द्या. शाळेला पुढच्या बाकाची, खिडकी-दारापासून लांबची जागा मागा. खडू आणायला, वह्या वाटायला या मुलाला पाठवलं तर त्याची अस्वस्थताही कामी येते. शिक्षा म्हणून पीटीचा तास काढून घेणं हा शुद्ध अन्याय आहे, त्याला ज्याची सर्वांत गरज आहे तेच आपण हिरावतो. मार तर नकोच. त्याने लक्ष वाढत नाही, खोटं बोलणं वाढतं.

साखर बंद केल्याने एडीएचडी जात नाही. १९९५ मध्येच या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले गेले आणि साखरेमुळे मुलांचं वागणं बिघडतं असं दिसलं नाही. खाद्यरंगांचा काही मुलांवर थोडा परिणाम होतो असं २००७ च्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं, तेव्हा रंगीबेरंगी गोळ्या-पेयं कमी केली तर बिघडत काही नाही. स्मरणशक्तीची चाटणं-टॉनिकं उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

परीक्षेतल्या सवलतींबाबत गैरसमज फार आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे. ही दोन्ही अनेकदा एकत्र असतात, म्हणून ८ वर्षांनंतर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. मुंबईत शीव, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांत तिची सोय आहे. दहावीच्या फॉर्मची वेळ येईपर्यंत थांबू नका, शाळेशी आठवी-नववीतच बोला.

मुलाची प्रश्नावली भरता भरता "हे तर माझंच वर्णन आहे" असं अनेक आयांना, वडिलांना जाणवतं. मोठ्यांमध्ये एडीएचडी असतो आणि त्यालाही उपचार आहेत. पण लहानपणीच्या खुणा मिळाल्याशिवाय डॉक्टर निदान करत नाहीत. तेव्हा स्वतःची जुनी प्रगतिपुस्तकं शोधा, आईला फोन करून विचारा. रील पाहून स्वतःला लेबल लावू नका. ती पाहून शंका आली असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या. अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड यांनीही लक्ष उडतं, आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

सुरुवात घरच्या बालरोगतज्ज्ञांपासून केलेली चांगली. ते बालविकासतज्ज्ञांकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि वर्तनोपचार करतात, औषध लिहीत नाहीत. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या स्थितींसाठी मुलांची तपासणी होते त्यांत एडीएचडी आहे, म्हणून सरकारी शाळेत त्यांचं पथक आलं की मुलाचं नाव सुचवायला बाईंना सांगा. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. आणि नेमकं कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.